निम्म्या पावसाचं साल

पाऊस मोजणाऱ्या माणसाची खरी परीक्षा पाऊस नसताना होते. धो धो पडत असताना कुणीही मोजेल. पण कोरड्या हिवाळ्यात रोज सकाळी साडेआठला थंडीत बाहेर यायचं, पर्जन्यमापकाचं झाकण काढायचं, कोरड्या बाटलीत डोकावायचं आणि रजिस्टरमध्ये ‘निरंक’ लिहायचं, याला वेगळी चिकाटी लागते. आमच्यातले पुष्कळ जण आठवड्याचे सगळे निरंक सोमवारी एकदम लिहून टाकत. मी कधी तसं केलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझ्याबद्दल बरं बोलायला फारशी जागा नाही.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. पिशोरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसा तलाव आहे, तिथल्या चौकीवर माझी बरीच नोकरी गेली. तलावाचं नाव लिहीत नाही. त्या भागातले लोक ओळखतील. काम सरळ होतं. रोज सकाळी तलावाची पाणीपातळी वाचायची, अंगणातला पाऊस मोजायचा, आणि रब्बीत पाटाला पाणी सुटलं की शेवटच्या शेतापर्यंत ते पोचतंय का ते बघत फिरायचं. पाणी सोडण्याच्या एका पाळीला आमच्याकडे आवर्तन म्हणतात. भांडणं सगळी तिथंच.

पर्जन्यमापक म्हणजे काही मोठं यंत्र नाही. जमिनीत पक्कं बसवलेलं एक नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. चोवीस तासांत बाटलीत जमलेलं पाणी काचेच्या मापकात ओतायचं आणि रेघ वाचायची. इतकंच. पण एवढ्याशा वस्तूवर लोकांचा भारी जीव. खंडेनवमीला मी त्याची पूजा करायचो. एका वर्षी अक्षता नरसाळ्याच्या नळीत अडकून फुगल्या आणि परतीचा चांगला पाऊस बाटलीत न जाता वरच तुंबला. एक म्हातारबाबा दर पावसानंतर भांडायला यायचे. “भाऊसाहेब, तुमच्या अंगणात पडला म्हंजे माझ्या वावरात पडला व्हय? सरकारला सांगा, एक नळकांडं माझ्या बांधावर लावा.” मी हसून वेळ मारून न्यायचो. खरं तर त्यांच्या प्रश्नाला आमच्या खात्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडचा पाऊस बैलाचं एक शिंग भिजवतो आणि दुसरं कोरडं ठेवतो असं म्हणतात, ते उगीच नाही.

याच म्हणीच्या आड मी पुढे बरीच वर्षं लपलो.

झालं असं. एका वर्षी मृग लागायच्या सुमाराला माझ्या हातून काचेचा मापक फुटला. घासताना निसटला. नवा मागवायचा तर अर्ज, खुलासा, वरिष्ठांचा शेरा. पाऊस तर दारात आलेला. बंद पडलेल्या एका जुन्या चौकीच्या कपाटात तसाच मापक पडला होता, तो मी पुसून आणला आणि कामाला लागलो.

आता बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. पर्जन्यमापकाची नरसाळी दोन मापांची येतात, लहान आणि मोठं. मोठ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ लहानाच्या दुप्पट, म्हणजे तेवढ्याच पावसात त्यात दुप्पट पाणी जमतं. म्हणून दोघांचे मापकही वेगवेगळे. दिसायला भाऊ भाऊ, पण रेघा वेगळ्या. माझ्या अंगणातलं नरसाळं लहान होतं. मी आणलेला मापक मोठ्याचा होता. काचेवर तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी ते वाचलं नाही. सबंध पावसाळा, परतीचा पाऊस आणि मग हिवाळ्यातल्या दोन-तीन सरी, सगळं मी निम्मं वाचलं आणि निम्मंच लिहिलं. सुबक अक्षरात, एकही खाडाखोड न करता.

शेजारच्या तलावावर सय्यदभाई होते. महिन्याच्या बैठकीला आम्ही आकडे घेऊन जायचो. त्यांनी माझा कागद पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “क्या भाऊसाब, तुमारे तलाव पे बादल हाफ डूटी करते क्या?”

लोक हसले. मी तोऱ्यात ती बैलाच्या शिंगांची म्हण ऐकवली. सय्यदभाई म्हणाले, “सींग एक बार सूखा रहता जी, पूरा साल नई.”

मी घरी येऊन मापक पुन्हा बघायला हवा होता. मला राग आला होता म्हणून बघितला नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी खात्याकडून सगळ्याच चौक्यांना नवा मापक आला. पहिल्या सरीचं पाणी सवयीनं जुन्यात ओतलं, वाचलं. मग सहज तेच पाणी नव्यात ओतलं. आकडा दुप्पट. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. परत जुन्यात, परत नव्यात. तेव्हा कुठे चष्मा लावून मी दोन्ही काचांवरची बारीक अक्षरं वाचली. जुन्यावर मोठ्या नरसाळ्याचं माप होतं.

दुरुस्ती अवघड नव्हती. ‘चुकीचा मापक वापरला गेल्याने या वर्षाचे सर्व आकडे निम्मे आहेत’, एवढं एक वाक्य वर कळवायचं होतं. मी ते लिहिलंसुद्धा. पाठवलं नाही. कारण त्या निम्म्या आकड्यांवरून आमचं महसूल मंडळ टंचाईच्या यादीत गेलं होतं. शेतसाऱ्यात सूट मिळाली होती, पोरांची परीक्षा फी माफ झाली होती. खरं तर पिकं चांगली होती, तलावाला मिळणारा ओढा फाल्गुनापर्यंत खळखळत होता. पण यादी करणारा ओढा बघायला येत नाही. आता खरं सांगितलं तर चौकशी माझी, वसुली गावाची. मी मनाला समजावलं, पाऊस कमी लिहिल्यानं कुणाचं नुकसान झालं? झाला तर फायदाच. जुना मापक मी चौकीमागे फोडून पुरून टाकला.

रजिस्टर कुणीही तपासलं तरी त्यात चूक सापडणार नव्हती. चूक रजिस्टरमध्ये नव्हतीच, ती माझ्या एकट्याच्या डोक्यात होती.

निवृत्त होऊन मी संभाजीनगरला मुलाकडे राहायला आलो. चिकलठाण्याला त्याचं घर आहे. पाऊस मोजायची खोड गेली नाही. गच्चीवर एक डबा ठेवलेला असतो. परवाच्या हिवाळ्यात तो डबा कोरडा ठणठणीत राहिला. परतीचा पाऊस आलाच नव्हता. दिवाळीनंतर ना एखादं आभाळ, ना धुई-धुकं. ज्वारी दंवावर येते म्हणतात, पण दंवही पडेना. पहाटे नुसता कोरडा गार वारा.

संक्रांत झाली आणि फोन आला. पलीकडे शेख मॅडम, माझ्या जुन्या तलावाच्या शाखा अभियंता. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“काका, त्रास देते. पाणी वापर संस्थेची बैठक आहे. गव्हाला आवर्तन द्यायचं का, ते ठरवायचंय. मी जुन्या वर्षांच्या पावसाची तुलना करतेय. यंदासारखा कमी पाऊस एकाच वर्षी दिसतो. त्या वर्षीच्या रेकॉर्डवर तुमची सही आहे.”

कोणतं वर्ष, ते त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं.

“ते आकडे बरोबर आहेत ना, काका?”

“बरोबर आहेत,” मी म्हणालो. “माझ्या रेकॉर्डमध्ये चूक नसते.”

हे वाक्य माझ्या तोंडातून इतकं सहज आलं, की फोन ठेवल्यावर मलाच भीती वाटली. तरुणपणी केलेली चूक घाईची होती. ही शुद्धीवर असताना केलेली होती. त्याचा अर्थ काय होतो, हे दोन दिवस मी स्वतःला कळू दिलं नाही. मग एका सकाळी कळू दिलं. तलावाच्या पोटातच वरच्या गावाच्या आणि तांड्याच्या नळयोजनेची विहीर आहे. माझं रेकॉर्ड म्हणत होतं, त्या वर्षी एवढासाच पाऊस पडला, तरी गव्हाला पाणी देऊन पिण्याचं पाणी पुरलं. म्हणजे यंदाही पुरेल. पण त्या वर्षी पाऊस दुप्पट होता. जमीन भिजलेली होती, ओढा तलावात पाणी आणत होता. यंदा तो दिवाळीलाच आटला होता. माझ्या आकड्यांवर विसंबून गेट उघडलं, तर चैत्र सरता सरता वरच्या गावाच्या विहिरीत गाळ उरणार होता.

बैठकीच्या दिवशी मी एसटीनं निघालो. बोलायचंच असं ठरवून निघालो असतो तर आज अभिमानानं सांगितलं असतं. मी नुसता निघालो.

चौकीपाशी साहेबरावानं गाठलं. साहेबराव म्हणजे पाणी वापर संस्थेचा चेअरमन, पाटाच्या तोंडाशी त्याचं रान. दर साली हुरड्याला मला मानानं बोलावणारा हाच, आणि माझ्या निवृत्तीच्या दिवशी गावानं वाजत-गाजत निरोप दिला, त्यातही हाच पुढे होता. चहाचा कप हातात देऊन तो हळूच म्हणाला, “बरं झालं आले. तुमच्या त्या सालच्या रेकॉर्डनं आज आमचा गहू वाचणार.”

“साहेबराव, त्या वर्षी...”

“मला काय सांगता? त्या साली मी डोळ्यानं पाऊस बघितला ना. लई होता. तुम्ही गावाचं भलं व्हावं म्हणून हात आखडून लिवलं, हे आम्हाला त्याच साली उमगलं. कुणी बोललं नाय, तुमच्या नोकरीचा प्रश्न.” त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली. “देवमाणूस.”

मी कप तसाच खाली ठेवला. तो हुरड्याचा मान आणि वाजत-गाजत निघालेली ती मिरवणूक कशासाठी होती ते मला त्या क्षणी कळलं. आणि हेही कळलं, की तो आकडा खोटा आहे हे साहेबरावाला माहीत होतं, तरी तो त्याच्या बळावर गेट उघडून घेणार होता.

चौकीच्या ओसरीवर माणसं दाटली होती. एका बाजूला पाटाखालचे शेतकरी, दुसऱ्या बाजूला वरच्या गावाच्या सरपंच शेवंताबाई आणि त्यांच्याबरोबर आलेल्या बाया. शेख मॅडमनी लॅपटॉप उघडून तक्ता वाचला. यंदाचा आणि त्या वर्षीचा पाऊस जवळपास सारखा. गेल्या सालचं पाणी शिल्लक असल्यानं तलावाची आजची पातळीही त्या वर्षी याच दिवसांत होती तेवढीच. त्यानंतर त्या वर्षी आवर्तन दिलं, तरी पिण्याचं पाणी पावसाळ्यापर्यंत पुरलं.

“मग झालं की,” साहेबराव म्हणाला. “गहू ओंबीवर आलाय. एक पाणी द्या, दुसरं मागत नाय.”

“आन नाय पुरलं तर?” शेवंताबाई म्हणाल्या. “तुमचा गहू दळून पोरांला पाजू का?”

“बाई, मी नाय म्हणत, रेकॉर्ड म्हणतंय पुरतं म्हणून.”

“रेकॉर्डला तहान लागती का चेअरमन?”

हशा झाला, पण तो लगेच विरला. मॅडम म्हणाल्या, “रेकॉर्ड ठेवणारे काका इथंच आहेत. त्यांनी आकड्यांची खात्री दिली आहे.”

“पत्थर की लकीर!” साहेबराव म्हणाला. “सांगा भाऊसाहेब.”

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी उठलो. मी म्हणालो, “ते आकडे चुकीचे आहेत. त्या वर्षी मी भलताच मापक वापरला. पाऊस लिहिलाय त्याच्या दुप्पट होता. मला नंतर कळलं, मी लपवलं. परवा फोनवर मॅडमशीही खोटं बोललो. त्या वर्षाकडे बघून गेट उघडू नका.”

मग एकदम सगळेच बोलायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, “वरल्यांनी चहा चांगलाच पाजलेला दिसतोय.” दुसरा म्हणाला, “म्हातारपणी भ्रम होतो माणसाला.” एकानं तर रजिस्टरची प्रत माझ्यापुढे नाचवली. “ही सही तुमचीच ना? मग तवाचं खरं धरायचं का आत्ताचं? पुरावा दाखवा.”

पुरावा मी पुरला होता. माझ्याच हातची सुरेख अक्षरं माझ्याविरुद्ध साक्ष देत होती आणि माझ्याकडे त्यांच्यापुढे ठेवायला काही नव्हतं. साहेबराव बसल्या जागेवरून माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत अजून राग नव्हता. मी हे का करतोय, ते त्याला समजत नव्हतं.

“थांबा,” शेख मॅडम म्हणाल्या. त्यांनी लॅपटॉप लोकांकडे वळवला. “हे आजूबाजूच्या ठिकाणांचे पाऊस. आधीची वर्षं बघा. काकांचा तलाव कधी शेजाऱ्यांपेक्षा थोडा कमी, कधी थोडा जास्त. नंतरची वर्षंही तशीच. फक्त या एका वर्षी शेजारी सगळे बरे आणि हा एकटा निम्म्यावर. पावसाळ्यातही निम्मा, हिवाळ्यातही निम्मा. पाऊस असा पडत नाही.” मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला जास्त लागला. “मला हे दिसलं होतं, काका. म्हणून तर मी तुम्हाला फोन केला. तुम्ही बरोबर म्हणालात, म्हणून मी माझी शंका सोडली.”

मी मान खाली घातली.

शेवंताबाईंनी माझे आभार मानले नाहीत, आणि मला तशी अपेक्षाही नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, “आज तुमची एसटी चुकली असती म्हंजे?”

वाद दुपारपर्यंत चालला. साहेबराव त्या वादात एक शब्द बोलला नाही. शेवटी त्यानं ठरावाचा कागद ओढला, गेट बंद ठेवायच्या ठरावावर सही केली आणि पेन तिथंच टाकून निघून गेला. कोणी काही म्हणो, त्यानं सही केली हे मी इथं लिहून ठेवतो. हातात सगळं असताना त्याला अडून बसता आलं असतं.

पुढे मी मॅडमना रीतसर लेखी दिलं. मला वाटत होतं त्या आकडे दुप्पट करून घेतील, म्हणजे निदान वर्ष वाचेल. त्या म्हणाल्या, बारीक सरी निम्म्या वाचताना किती वाया गेल्या असतील ते सांगता येत नाही. शिवाय एकदा खोटं निघालेल्या वर्षात आणखी काय असेल कोण सांगणार? आता त्या वर्षापुढे ‘तुलनेसाठी घेऊ नये’ असा शेरा आहे. रोज सकाळी उठून प्रामाणिकपणे लिहिलेले निरंकही त्यातच गेले. तक्रार नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

ज्येष्ठात मी पुन्हा तलावावर गेलो. न राहवून गेलो. पाणी अगदी तळाशी गेलं होतं, कडेची माती भेगाळली होती. पण वरच्या गावाचा पंप चालू होता. एक दिवसाआड का होईना, नळाला पाणी येत होतं. एक आवर्तन दिलं असतं तर आलं नसतं, हे बघायला अभियंता असायची गरज नव्हती.

धरणाच्या भिंतीवर साहेबराव बसला होता. त्याचा गहू ओंबीतच करपला आणि त्यानं त्यात गुरं सोडली, हे मला गावात शिरतानाच कळलं होतं. मी जाऊन शेजारी बसलो. तो सरकला नाही, उठलाही नाही.

“पाणी पुरलं,” मी म्हणालो.

“पुरलं.”

त्यानं एक खडा उचलून खालच्या भेगाळलेल्या मातीत टाकला.

“गव्हाचं काय नाय, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “गहू फिरून पेरता येतो. पर इतकी वर्सं मी समद्यांला सांगत आलो, सरकारात एक माणूस असा होता, ज्यानं आमच्यासाठी नोकरी पणाला लावली. पोरांला सांगितलं, सोयऱ्यांला सांगितलं. आन तुम्ही म्हणता मापक चुकला.”

“चुकला.”

“तरी दर साली हुरड्याला आले. मानाचं बसले, खाल्ला. कवाच बोलले नाय, की बाबा, तसं काय नव्हतं म्हणून.”

“नाही बोललो.”

त्यानं मान हलवली. मग उठला, कपड्यांवरची धूळ झटकली आणि भिंतीवरून पाटाच्या बाजूला उतरायला लागला. अर्ध्यात थांबला. मला वाटलं वळेल. तो खाली वाकून गेटाच्या कुलपाला हिसका देऊन बघत होता, नीट लागलंय का ते. मग कोरड्या पाटातूनच चालत घराकडे गेला.